भरड मिरी

डॉक्टरांनी बाबांचं मीठ कमी केलं आणि घरात दोन गट पडले. एका गटात बाबा एकटे, दुसऱ्यात आम्ही सगळे. लोणचं बंद, पापड बंद, फरसाणाचं तर नावही काढायचं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस ताटाकडे नुसता बघत बसला की पोटात कालवतं हो! वजन उतरायला लागलं, तेव्हा काहीतरी करणं भागच होतं.

या सगळ्यात कामाला आली ती मिरी. पूड नव्हे, भरड. बारीक पूड नाकात जाते, नुसता ठसका लागतो. कारण साधं आहे. मिरीचा तिखटपणा पायपरीनमुळे, तो टिकतो. वास मात्र तिच्यातल्या तेलाचा, आणि ते दाणा फुटला की उडायला लागतं. पूड केली की जवळजवळ सगळंच उघड्यावर. भरडीच्या कणात थोडं शिल्लक राहतं आणि दाताखाली आल्यावर कळतं. मग अळणी दुधीसुद्धा घशाखाली उतरतो :)

मिरी मी अख्खीच आणते. दाणा टणक आणि जड हवा, बोटांनी चिरडला गेला तर तो पोचट. घरी आल्यावर थोडे दाणे पाण्यात टाकून बघायचे. भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात, भरलेली मिरी तळाला जाते. (पोचट दाणेही तरंगतात, पण तेही नकोतच.) 'तेलिचेरी'साठी जास्त पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की ती आकारावरची प्रतवारी आहे, साधारण 4.25 मिलिमीटरहून मोठे दाणे. कुटायचीच आहे तर मला साधी चालते.

आणि कृपा करून मिरपूड मिसळणाच्या डब्यात ठेवू नका! तो डबा कायम शेगडीशेजारी, दिवसातून दहा वेळा उघडणार. अख्खी मिरी काचेच्या बरणीत, फडताळात आत. भरडायची फक्त आठवड्यापुरती. वाफाळत्या कढईवर बाटली उपडी धरायची नाही, वाफ आत शिरून गुठळ्या होतात. गॅस बंद केल्यावर चिमटीने घालायची.

बाबांना कवळी आहे, त्यामुळे त्यांची भरड उपम्याच्या रव्याइतकी, आमची लापशीच्या रव्याइतकी. मिक्सरमध्ये निम्मी पीठ होते, निम्मी तशीच राहते. म्हणून खलबत्ता. कुटून चहाच्या गाळणीतून चाळते, खाली पडलेली पूड आमच्या ऑम्लेटला.

बाबांना हे पथ्याचं वाटू नये म्हणून मी त्यांना सांगितलं, की मिरची आपल्याकडे आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी तिखट करायला मिरी होती. मिरचीला नावसुद्धा हिच्यावरूनच मिळालं. त्यावर म्हणाले, "तेव्हा मीठ होतं ना?" :)

खरंच आहे. मिरी काही खारट लागत नाही, मिठाची जागा ती घेत नाही. पण मऊ भात, वरण, तूप, लिंबू आणि वर ही भरड, एवढ्यावर ते हल्ली दुसऱ्यांदा भात मागून घेतात. वजन पुन्हा 58 वर आलंय.

तेव्हा आत्या, दिवाळीला येताना खारे काजू आणू नकोस. तुमच्या सावंतवाडीच्या परसात सुपारीवर वेल चढलाय ना, त्याची मिरी आण. जमेल तेवढी.