रक्तातली खोट नव्हे, जातीतली



‘एसएस’ ही अक्षरं मी शाळेत जाण्याआधी शिकलो. मावसभावाचे सांधे ठणकायला लागले की मावशी रात्रभर शेकत बसायची. शेजारीण म्हणायची, तुमच्या लोकांच्या रक्तातच खोट आहे.

1949 साली लायनस पॉलिंग यांनी सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवलं. पुढे इन्ग्रॅम यांनी शोधलं, बदल फक्त एका अमिनो आम्लाचा. हा जीन एकाच पालकाकडून आला तर मलेरियापासून बचाव होतो. म्हणून तो आफ्रिकेत टिकला, आमच्या विदर्भातही टिकला. त्याला जात कळत नाही. पण आईबाप दोघेही ‘एएस’ असले तर दर बाळंतपणात ‘एसएस’ बाळाची शक्यता 25 टक्के. मग लग्नं त्याच त्या सोयऱ्यांत कोण लावतं? जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा कणा, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच कोलंबियात मांडलं. (बौद्ध होऊनही आपण पोटजात विचारतोच, हेही कबूल करू.)

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ला मंजुरी दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून क्रिस्परने जीन कापायचा, म्हणजे बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं. किंमत 22 लाख डॉलर! तेच हिमोग्लोबिन थोडंफार वाढवणारी हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल आमच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात मिळेना. गेल्या महिन्यात भाऊ दोनदा रिकाम्या हाताने परतला. सोमवारी आम्ही वीसेक पोरं तिथे औषधसाठ्याची वही मागायला जातोय.