‘थेरडा’ या शिवीचे पूर्वायुष्य

१/ खवट, कुरकुऱ्या म्हाताऱ्याला इंग्रजीत ‘कर्मजन’ म्हणतात. सोळाव्या शतकापासून आढळणाऱ्या या शब्दाची व्युत्पत्ती आजही अज्ञात आहे. १७५५च्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने ‘कर् मेशाँ’, म्हणजे दुष्ट हृदय, हा फ्रेंच उगम सुचवला आणि तर्क कळवणाऱ्याची नोंद ‘अज्ञात पत्रलेखक’ अशी केली. १७७५मध्ये जॉन ॲशने त्या नोंदीलाच अर्थ मानले: ‘कर्’ म्हणजे अज्ञात, ‘मेशाँ’ म्हणजे पत्रलेखक!

२/ आपल्या ‘थेरडा’ची वंशावळ मात्र स्पष्ट आहे. संस्कृत ‘स्थविर’, त्यावरून पाली-प्राकृत ‘थेर’. अर्थ ज्येष्ठ, वंदनीय. बौद्ध संघात उपसंपदेनंतर दहा वर्षे पूर्ण केलेला भिक्षू ‘थेर’ ठरतो. ‘थेरवाद’ म्हणजे या ज्येष्ठांचे मत.

३/ पुणे जिल्ह्यातील भाजे लेण्यांत चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांपैकी काहींवर दिवंगत भिक्षूंची नावे ‘थेर’ या उपाधीसह कोरलेली आहेत. धम्मगिरी हे त्यांतील एक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हा शब्द आदराने दगडावर उतरत होता.

४/ पुढे त्याला ‘डा’ प्रत्यय जडला. हाच प्रत्यय ‘मुखडा’त लाड करतो, ‘बापडा’त कीव करतो. ‘थेरडा’त त्याने तिरस्कार आणला. महाराष्ट्रातून भिक्षुसंघ ओसरला, तशी उपाधी धारण करणारी माणसेही दिसेनाशी झाली. शब्दात मागे उरले ते केवळ वय, असे अनुमान करता येते.

५/ ‘म्हातारा’चीही कथा अशीच. त्याचे मूळ ‘महत्तर’, म्हणजे अधिक थोर. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत ज्यांना दानाची वार्ता कळवली जाई, त्या अधिकाऱ्यांच्या यादीत ‘महत्तर’ येतो. याच घराण्यातील तिसऱ्या कृष्णाचा इ. स. ९४०चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडला.

६/ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेपासून ते स्थळ पाऊणशे किलोमीटरांवर आहे. त्यानंतर विदर्भात भिक्षूंच्या नावांपुढे ‘थेरो’, ‘महाथेरो’ ही पदे पुन्हा ऐकू येऊ लागली.

७/ म्हणून आज या परिसरात एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी नांदतात. विहारात त्याच्यापुढे हात जोडले जातात. घरात चिडचिड्या आजोबांवर तो मागून फेकला जातो. शब्दाचा मान कोशात टिकत नाही. तो देणारी माणसे असावी लागतात.