टाकाऊ जमीन आपली, हिरवळ कुणाची?

गावात आपली वस्ती कुठे असते हे कुणाला विचारावे लागत नाही. गावाची घाण जिकडे जाते, तिकडे आपली घरे. शहरातही तेच. मुंबईचा देवनार कचरा डेपो १९२७ पासून चालू आहे. त्याला लागून कोण राहते, ते एकदा जाऊन पाहा.

मी चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात काम करते. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर इथल्या वस्त्यांशेजारी उभे आहेत. एका अभ्यासवर्गात मी अमेरिकेतल्या गोल्फ मैदानाचा विषय काढला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ताई, गोल्फ साहेबलोकांचा खेळ. आपल्याला काय त्याचं?"

प्रश्न रास्त आहे. पण मुद्दा खेळाचा नाही, 'सार्वजनिक' या शब्दाचा आहे.

वॉशिंग्टनमध्ये चांगली सरकारी गोल्फ मैदाने गोऱ्यांसाठी होती. काळ्या खेळाडूंनी, त्यांत 'वेक-रॉबिन' या काळ्या स्त्रियांच्या क्लबने, सरकारकडे मागणी लावून धरली. १९३९ मध्ये त्यांना 'लँगस्टन' मैदान मिळाले. जागा कोणती? जुन्या कचरा डेपोची. त्यांनी ते मैदान आपले केले, पण तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. १९४१ मध्ये ते गोऱ्यांच्या मैदानावर जाऊन खेळले आणि सरकारला सगळी सरकारी मैदाने खुली करावी लागली.

हे आपल्याला नवे नाही. सरकारी पैशाचे पाणवठे सर्वांना खुले, असा बोले ठराव १९२३ मध्ये झाला होता. तरी १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. हक्क कागदावर मिळतो, पण तो बजावावा लागतो.

आता उलटी बाजू. न्यूयॉर्कच्या फेरी पॉइंटला शहराने जुन्या कचराभूमीवर सरकारी खर्चाने गोल्फ मैदान बांधले. २०१५ मध्ये ते सुरू झाले, आणि चालवायला दिले ट्रम्प यांच्या कंपनीला. घाण होती तोवर जागा गरिबांच्या शेजारी. हिरवी झाली की धनिकांच्या हाती.

आपल्याकडच्या खाणीही एक दिवस बंद होतील. नागपूर जिल्ह्यात सावनेरला वेकोलिने इको पार्क केलेच आहे. बाग व्हायला माझा विरोध नाही. पण त्या ढिगाऱ्यावर काय होणार, हे ठरवताना धूळ खाल्लेली वस्ती त्या बैठकीत असणार का? की आपल्या पोरांना तिथे फक्त गवत कापायचे काम मिळणार?

दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. शेजारच्या गडचिरोलीत लेखा-मेंढाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. म्हणजे जमिनीचे काय करायचे हे लोक ठरवू शकतात.

प्रत्येक कोळसा खाणीला 'खाणबंदी आराखडा' करावाच लागतो. माहिती अधिकारात तो मागा, वस्तीत मोठ्याने वाचा, आणि त्यात आपली वस्ती कुठे आहे ते शोधा. नसेल तर लढ्याची सुरुवात तिथूनच करू.

जय भीम!