शिक्रापुरांतील आठ दिवस

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिक्रापूर हें गांव चाळीस किलोमीटरांच्या आंतच आहे. परंतु ज्याचे गुडघे दुखतात त्याला प्रवास किलोमीटरांनीं मोजतां येत नाहीं, तो एस. टी.च्या पायऱ्यांनीं मोजावा लागतो. त्यांतली पहिली पायरी तर आम्हांस अलीकडे सिंहगडाच्या चढासारखी वाटते. येरवडा, वाघोली, लोणीकंद हीं गांवें मागें टाकून गाडी कोरेगांवाजवळ भीमेच्या पुलावर आली, तेव्हां एक जुनी गोष्ट आठवली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरहून निघालेली कंपनीची पलटण रातोरात पायीं चालून दुसऱ्या दिवशीं सकाळीं येथें पोहोंचली होती. आणि आम्ही! बसून प्रवास करूनही पुढच्या थांब्यावर उतरावें कसें, या विवंचनेंत होतों.

शिक्रापुरास चाकणचा रस्ता येऊन मिळतो. सणसवाडीच्या कारखान्यांमुळें या नाक्यावर मालमोटारींची रीघ रात्रंदिवस लागलेली असते. पण हमरस्ता सोडून दोन वळणें आंत गेलें कीं गांव आपल्या जुन्या चालीनें चाललेलें दिसतें. तेथेंच आमच्या आक्काचें घर. आम्ही हवापालटासाठीं आलों, असें शेजाऱ्यांस सांगितलें होतें. खरें कारण निराळें होतें. पुण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरांनीं आक्कास दिलेली औषधाची चिठ्ठी महिनाभर देवघराच्या फळीवर तशीच पडून होती, आणि भाचीनें आम्हांस कळविलें होतें, "मामा, आतां तुम्हीच येऊन समजवा."

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हांस सर्व प्रकार दिसला. आक्काच्या दोन्ही हातांचीं बोटें मुळाशीं सुजलेलीं होतीं. पाण्याचा तांब्या तिला उचलेना. तास-सव्वा तास गेल्यावर तीं बोटें थोडीं मोकळीं झालीं. आमचें दुखणें याच्या उलट. सकाळीं दहा मिनिटांत गुडघा सैल होतो, चाललें कीं दुखतो, बसलें कीं थांबतो. तरीही घरांत दोघांच्या दुखण्यास नांव एकच, 'संधिवात'. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

वास्तविक आपल्या पूर्वाचार्यांनीं हा घोटाळा केलेला नाहीं. चरकांत संधिगत वात वेगळा आणि वातरक्त वेगळें सांगितलें आहे. माधवनिदानांत आमवाताचें स्वतंत्र प्रकरण असून त्याच्या वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. आजचें वैद्यकही तोच भेद निराळ्या शब्दांत सांगतें. आमचा गुडघा झिजला आहे; आक्काच्या सांध्यांवर मात्र तिच्या शरीराची रक्षणशक्तीच उलटली आहे. झिजलेल्या गुडघ्यास सबुरी मानवते. पण सुजलेल्या सांध्याच्या बाबतींत जितका काळ फुकट जाईल तितकें हाड कुरतडलें जातें.

आणि आक्काचीं दीड वर्षें अशींच गेलीं होतीं. कोणा एका इसमाकडून तिनें पुड्या आणविल्या. तीन दिवसांत बोटें वळूं लागलीं. सर्व आळीनें त्याचें नांव काढलें. पुढें चेहरा गोल झाला, पायांवर सूज आली, रक्तांतील साखर वाढली. पुड्यांत काय होतें तें कोणीं सांगितलें नाहीं. परंतु लक्षणांवरून डॉक्टरांनीं स्टेरॉईडचा संशय घेतला. या चमत्कारास मोठा इतिहास आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. हेंच यांनीं अंथरुणास खिळलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोंचलें आणि ती थोड्याच दिवसांत चालूं लागली. १९५० सालीं त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या औषधाची दुसरी बाजू मात्र जगास हळूहळू कळली. आजही तें मोजून-मापून, थोड्या काळासाठीं देतात. न मोजतां घेणें वाईट, आणि बरेच दिवस घेऊन एकाएकीं सोडणें तर त्याहून धोक्याचें. म्हणून डॉक्टरांनीं आक्कास पुडीऐवजीं मोजकी गोळी देऊन ती क्रमाक्रमानें उतरविण्याचें ठरविलें होतें.

आपल्याच जिल्ह्यांत भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघर पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकीं सुमारें १८ टक्के लोकांस सांध्या-स्नायूंचें कांहीं ना कांहीं दुखणें आढळलें. परंतु आक्कासारखा विकार सुमारें अर्धा टक्काच. म्हणजे गांवांत शंभर जण दुखतें म्हणून सांगतील, आणि त्यांतल्या दोन-तिघांचीच खरी निकड असेल. शेजारणीस जें तेल लागू पडलें तें आपणांस कां पडत नाहीं, याचें उत्तर येथें आहे.

आक्काची भीति चिठ्ठींतील औषधाची होती. "अरे, हें कर्करोगाचें औषध आहे म्हणतात!" मेथोट्रेक्सेट कर्करोगावर देतात हें खरें, पण तेथें मात्रा पुष्कळ मोठी असते. सांध्यांसाठीं तें अल्प प्रमाणांत, आणि आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेततें. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी. रक्त व यकृत यांची तपासणी वेळच्या वेळीं. मूल होण्याची आशा असलेल्या स्त्रियांस तें चालत नाहीं. गुण दिसण्यास दीड ते तीन महिने लागतात. तीन दिवसांच्या पुडीची संवय झालेल्या मनास हेंच जड जातें.

"आणि तुझ्या गुडघ्याचें काय?" आक्कानें उलट विचारलें. आम्हांस सांधाबदल सुचविणारे स्नेही पुष्कळ आहेत. २०१७ सालीं सरकारनें कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून त्यांचा आग्रह वाढला आहे. पण रात्रीं झोंप लागते आणि बाजारापर्यंत चालवतें, तोंवर आम्हांस शस्त्रक्रियेची घाई नाहीं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, चार किलो वजन कमी, पाटाऐवजीं खुर्ची, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत काठी, एवढ्यानें बरेंच भागतें. आयुर्वेदाचा मार्गही आम्हीं वर्ज्य मानीत नाहीं. सुंठ, गुळवेल इत्यादि औषधांची डॉ. चोप्रा यांनीं गुडघेदुखीवर रीतसर तुलना केली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तीं नेहमींच्या गोळ्यांच्या बरोबरीनें उतरलीं. मात्र कांहीं रोग्यांच्या यकृताच्या तपासणींत अंक वाढलेले आढळले, तेव्हां झाडपाला म्हणून बिनधोक, हा समज सोडावा. शिवाय हा पुरावा आमच्या झिजलेल्या गुडघ्यापुरता आहे. आक्काच्या बोटांस तो लावूं नये.

सहाव्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही दोघें वेळ नदीकडे निघालों. एकाच्या हातांत काठी, दुसरीचे हात पदरांत गुंडाळलेले. वाटेंत आम्हीं विचारलें, "आक्का, सोमवारचा उपवास तूं किती वर्षें करतेस?"

"लग्नापासून. एकही चुकला नाहीं."

"मग आठवड्याच्या एका गोळीचा नेम तुला जड कां व्हावा?"

ती बराच वेळ बोलली नाहीं. परततांना म्हणाली, "सोमवार उपवासाचा, रविवार गोळीचा. पण रक्त तपासायला तूं बरोबर यायचें." त्या रविवारीं भाचीनें दिनदर्शिकेवर खूण केली, आणि फळीवरची चिठ्ठी खालीं आली.

आम्ही निघालों त्या सकाळींही तिला तांब्या उचलवत नव्हता. आतां तीन महिने झाले. तपासणीस दोनदां बरोबर जाऊन आलों; अंक ठीक आहेत. बोटें मोकळीं होण्यास तासाऐवजीं पाव तास लागतो, असें ती दूरध्वनीवर सांगते. लहान पेरें अजून दुखतात. पण येत्या संक्रांतीचे लाडू आपणच वळणार, असें तिनें भाचीस आतांच बजावून ठेविलें आहे.