जुन्या गाडीचा तोल

निपाणीकडील रुग्णांस बेळगावच्या इस्पितळात नेण्यास आपल्या धर्मग्रामापाशी एक जुनी अँबॅसॅडर आहे. उत्तरपाड्यास ही गाडी बनविणे २०१४ साली थांबले. हिचे मागील पाटे थकलेले. तवंदी घाटाच्या वळणावर ती अशी कले की, मागे निजलेला रुग्ण आसनावरून घसरे.

मिस्त्रींनी आधी पाट्यांचे झिजलेले बुश बदलले, मग मागे स्टॅबिलायझर बार बसविला. हा वाकविलेला पोलादी दांडा. दोन्ही चाके एकदम उचलली तर तो स्वस्थ असतो. एक बाजू दबली की पिळला जातो व त्या पिळाच्या जोराने गाडीचे कलणे आवरतो. फार जाड दांडा मात्र घेऊ नये; पावसाळ्यात गाडीची पाठ घसरते, आणि मग चालकासही अंत्याभ्यंग द्यावा लागेल! एकाच चाकाखाली खड्डा आला तर धक्का पूर्वीहून अधिक जाणवतो. गर्भवती भगिनींना नेताना गाडी तेवढी जपून हाकतो.