होडीतला तोल

उर्दूत तवाजुन, मराठीत तोल. दोन्ही शब्दांच्या पोटात वजनच आहे, हे मी वर्गात सांगते. दापोलीजवळच्या मुरुडला डॉल्फिन बघायला सहल नेली की तांडेल तेच होडीत दाखवतो. मशीन मागे टांगलेलं. सगळी मुलंही मागेच बसली, तर नाळ वर उठते, तांडेलाला समोरचं दिसत नाही, होडी लाटांवर आपटत जाते. सगळी पुढे सरकली, तर नाळ पाण्यात घुसते नि वळवताना होडी ऐकत नाही. म्हणून तो थोराड पोरांना मधे बसवतो.

तेवढ्यात कुणी ‘डॉल्फिन!’ ओरडलं, की माझ्या पोटात गोळा येतो. उभं राहून पोराचं वजन वाढत नाही, पण ते वर जातं. त्यात सगळी एकाच काठाला धावली, तर होडी कलंडायला कितीसा वेळ? मोबाईल काढून सगळ्यांत आधी उभे राहतात ते मात्र आमचे शिक्षकच. त्यांनाही मी खाली बसवते.