मोरीच्या पाण्याचं भांडण

मैत्रिणींनो, सासरच्या गावचा विषय निघाला की आपण पूर्वी पाणी नसल्याची रड सांगायचो. आता आमच्या गावी घरोघर नळ आला. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यात माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवलं. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, फार बरं झालं. पण घरात आलेलं पाणी पुढं जातं कुठं? पाच माणसांच्या घरात 275 लिटर पाणी आलं, तर त्यातलं बरंचसं मोरीतून बाहेर पडणारच!

आमच्या जाऊबाईंच्या मोरीचं पाणी गल्लीत सुटायचं आणि शेजारच्या वहिनींच्या दारात साचायचं. त्यापायी दोघींचा सहा वर्षं अबोला. हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा बंद! घरचे पुरुष म्हणायचे, "बायकांची भांडणं, चालायचीच." मला ते कधीच पटलं नाही. भांडी घासणं, धुणं, मुलांच्या आंघोळी बाईनं करायच्या आणि त्या पाण्याचा दोषही तिच्याच माथी? शिवाय अशा घाण डबक्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो. तो काही घर पाहून चावत नाही.

गटार बांधलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण गटार पाणी फक्त पुढं ढकलतं. गाळानं तुंबलं की पुन्हा डबकं, आणि नाही तुंबलं तर सगळी घाण ओढ्यात.

त्यापेक्षा पाणी आपल्याच अंगणात जिरवावं. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त म्हणून नावाजलं. कृती सोपी आहे. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. मधोमध सिमेंटची टाकी बसवावी, तिला वरच्या अंगाला भोकं हवीत. भोवती दगड भरावेत, खाली मोठे, वर बारीक. मोरीचा पाइप टाकीत सोडून वर झाकण घालावं. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जाऊन जमिनीत मुरतं. मोरीच्या तोंडाला जाळी लावावी, म्हणजे शितं नि केस आत जात नाहीत. टाकीतला गाळ मात्र अधूनमधून काढायलाच हवा.

दोनतीन गोष्टी लक्षात ठेवा हं. खड्डा विहिरीपासून, हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब हवा. संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथं मुरूम लागेपर्यंत खणावं, नाहीतर पाणी परसातल्या केळी-कर्दळीला द्यावं.

आमच्याकडे खड्डा झाला, गल्ली कोरडी झाली. जाऊबाईंचं नि वहिनींचं लगेच गूळपीठ जमलं असं नाही, पण संक्रांतीला वाण घेऊन वहिनी आल्या, एवढं खरं.

शहरात राहणाऱ्या आपण गावी सणाला साडी पाठवतो, मिक्सर पाठवतो. यंदा थोडे पैसे शोषखड्ड्यासाठी पाठवा. आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला स्पष्ट सांगा, मोरी बाईची असली तरी पाणी साऱ्या घराचं आहे!